मानाची पहिली पसंती

मी अर्ज बोलतोय. कागदाचा नाही हो, मी ऑनलाइन. मला शाई नाही, घडी नाही, कोपऱ्यात डकवलेलं तिकीट नाही. अकरा आकडी क्रमांक आहे, तेच माझं नाव आणि तेच माझं कूळ. अर्जासमोर उभं राहायची तुम्हाला सवय आहे, ते ठाऊक आहे मला. पण आज जरा बसून घ्या, कारण आज मागणारा मी आहे.

आधी माझं मोठेपण सांगतो. पूर्वी म्हणे पोरीला नर्सिंगला घालायचं तर बापानं प्रत्येक कॉलेजच्या खिडकीवर जायचं. दर खिडकीला वेगळा अर्ज, वेगळा बाबू, आणि त्या बाबूची वेगळी जेवणाची सुट्टी. मग वरती कुणाला तरी दया आली. सगळ्या राज्याला एकच अर्ज, एकच गुणवत्ता यादी आणि जागा वाटायला एक यंत्र. पोरांनी प्रवेश परीक्षा द्यायची, मला भरायचं आणि हवी ती कॉलेजं एकाखाली एक लिहायची. याला पसंतीक्रम म्हणतात. यंत्र यादीतल्या पहिल्या पोरापासून सुरू करतं, त्याची पसंती वरून खाली वाचत जातं, जिथं जागा दिसेल तिथं त्याला बसवतं आणि पुढच्याकडे वळतं. वशिला नाही, ओळख नाही, चहापाणी नाही. माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलंय, 'विद्यार्थ्यांना घरबसल्या प्रवेश'. हे ज्यानं लिहिलं त्याचं घर कुठं आहे मला माहीत नाही. गडचिरोली जिल्ह्यात नसावं.

माझा जन्म जून महिन्यात आरमोरीत झाला, हर्षाबाईच्या ऑनलाइन सेवा केंद्रात. एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक पंखा. पंखा असा की तो सुरू असताना बोललेलं ऐकू येत नाही आणि बंद असताना बसवत नाही. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि दाराला पाटी: 'सर्व्हर बंद आहे. वारंवार विचारू नये.' ती पाटी सर्व्हर सुरू झाला तरी काढत नाहीत, कारण पुन्हा लावावीच लागते. हर्षाबाई एम.ए. झालेली, पस्तिशीची, तोंडानं फटकळ. तालुक्यातल्या अर्ध्या पोरांचे जातीचे दाखले, रहिवासी दाखले, निकाल आणि शिष्यवृत्त्या तिच्या बोटांखालून गेलेल्या. सरकारी खात्यांची संकेतस्थळं कधी दमतात आणि कधी नाटक करतात, हे ती नुसत्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघून सांगते.

तिच्यासमोर त्या दिवशी मोनाली पोटावी आणि तिचा बाप लालसूभाऊ बसले होते. मोनाली आश्रमशाळेतून बारावी झालेली. गाव जंगलातलं, तीस घरांचं. आधी पाच किलोमीटर पायी आणि मग दोन बस. हर्षाबाईनं नाव टाकलं, जन्मतारीख टाकली, मोबाइल नंबर टाकला. मी डोळे उघडायच्या बेतात होतो, तेवढ्यात यंत्रानं विचारलं, 'मोबाइलवर आलेला सहा आकडी ओटीपी नोंदवा.'

"भाऊ, फोन दाखवा," हर्षाबाई म्हणाली.

"फोन तं घरी आहे जी," लालसूभाऊ म्हणाला.

"घरी काऊन ठेवला?"

"खांबाले बांधून आहे. गावात रेंज तेवढ्या खांबालेच येते."

तर असा माझा ओटीपी जन्माला आला आणि थेट त्या खांबाला गेला. खाली मोनालीची आई बुधरी मोहाचे टोर, म्हणजे मोहाच्या बिया, फोडत बसली होती. तिनं 'टिंग' ऐकलं आणि शेजारणीला सांगितलं की पोरीचा फोन आला वाटते. ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटांचं. पुस्तिकेत लिहिलंय की ही सोय उमेदवाराच्या सुरक्षेसाठी आहे. उमेदवार एवढी सुरक्षित झाली की तिला स्वतःलाच आत जाता येईना. दोघं परत गेले, खांबाचा फोन सोडला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आले. म्हणजे माझं जन्मायलाच तीन दिवस लागले. घरबसल्या.

मोनालीला नर्स का व्हायचं होतं, ते विचारायला माझ्यात रकाना नाही. बापाचा व्यवसाय विचारतो, आईचं शिक्षण विचारतो, अंगावरची ओळखीची खूण विचारतो, पण पोरीला हे कशासाठी पाहिजे ते विचारत नाही. फोटो चढायला पंधरा मिनिटं लागली, तेवढ्या वेळात तिनं हर्षाबाईला सांगितलं म्हणून मला कळलं.

आश्रमशाळेत आजारी पोरांची एक खोली होती. तिथल्या जुन्या सिस्टरला गोंडी येत होती. ती निवृत्त झाली आणि नवीन आली ती मराठीतून विचारायची. पहिली-दुसरीची पोरं, घाबरलेली, मराठी न कळणारी. पोट दुखते का? हाव. डोकं दुखते का? हाव. कान? हाव. सगळ्यांना सगळंच दुखायचं आणि सगळ्यांना एकच गोळी मिळायची. मग कुणीतरी सहावीतल्या मोनालीला बोलावून आणलं. तिनं गोंडीत विचारलं तेव्हा एका पोराचा पायच मोडलेला निघाला; तो दोन दिवस पोटाची गोळी खात होता. तेव्हापासून बारावीपर्यंत ती त्या खोलीत दुभाषी होती. "मले दुसऱ्याचं बोलनं सांगाचं नाई बाई," ती म्हणाली, "मले सोताच विचाराचं आहे." हर्षाबाईनं फोटो पुन्हा चढवायला घेतला.

खरं सांगतो, तेव्हा मला या पोरीबद्दल काही वाटलं नाही. मला वाटायचं कामच नाही. माझ्यासारखे पन्नास हजार त्या आठवड्यात जन्मले होते, प्रत्येकाच्या पोटात अशी काही ना काही गोष्ट असणारच. मला फक्त जन्मतारीख जुळली का, एवढं बघायचं होतं.

परीक्षेचे गुण आले. मोनालीचा नंबर चांगला लागला. एवढा चांगला की नागपूरचं सरकारी कॉलेज तिला सहज मिळणार होतं; हॉस्टेल, बाजूला मोठा दवाखाना, सगळं. पसंतीक्रम भरायला बापलेक पुन्हा आरमोरीला आले. या वेळी फोन सोबत होता, लालसूभाऊच्या कमरेला दोरीनं बांधलेला.

आता इथं एका माणसाची ओळख करून द्यायला पाहिजे. गुणवंतराव. आरमोरीजवळच्याच रस्त्यावर त्यांनी नुकतंच नर्सिंग कॉलेज काढलं होतं. मे महिन्यात ते मोटारसायकलवर लालसूभाऊच्या गावात आले होते. अंगणात खाटेवर बसले, घरचं जेवले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमची पोरगी कुठंही जाऊ द्या भाऊ, पण पहिलं नाव आपल्या कॉलेजचं टाका. मानाचं म्हणून." पहिलं नाव टाकल्यानं काय होतं हे त्यांना माहीत होतं का? कॉलेज काढणाऱ्याला माहीत नसेल तर कुणाला असणार? पण मी अर्ज आहे, साक्षीदार नाही. मला कुणी शपथ घातलेली नाही.

लालसूभाऊला ही गोष्ट पटली. त्याच्याकडे तशीच रीत आहे. नवं धान घरात आलं की घरच्यांनी तोंडाला लावायच्या आधी पहिला घास देवाच्या नावानं पानावर ठेवतात. पूर्वजांना आधी, मग आपल्याला. पहिलं जे असतं ते मानाचं, आणि दुसरं ते आपल्या खाण्याचं. आणि आजवर त्या घरात एकदाही देव पान उचलून घेऊन गेलेला नाही. तो आपला मान घेतो आणि जेवण घरच्यांसाठी सोडतो. एवढी साधी समज देवाला असते, मग मुंबईतल्या यंत्राला का नसावी?

त्या दिवशी केंद्रात तीस-चाळीस माणसं होती. शेवटची तारीख जवळ आलेली, पंखा गरगरत होता. हर्षाबाईनं पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "बोला भाऊ, पह्यलं कोन्तं टाकू?"

"पह्यले गुणवंतरावचं टाका. मंग नागपूर, मंग चंद्रपूर."

हर्षाबाईची बोटं थांबली. "पक्कं ना? गुणवंतरावचं पह्यलं?"

"हाव जी. मानाचं आहे ते."

पंख्याच्या घरघरीत हर्षाबाईनं ऐकलं, 'मनाचं आहे ते'. तिनं एकदा मोनालीकडे बघितलं. मोनालीनं मान डोलावली. तिच्या घरात पहिल्या घासाबद्दल कुणी वाद घालत नाही. नागपूर दुसरं आहे म्हणजे आपल्यासाठीच आहे, हे तिलाही तितकंच पक्कं ठाऊक होतं. मनाचंच आहे म्हणतात तर आपण कोण, असं म्हणून हर्षाबाईनं टाकलं. एका कान्याचा फरक. मला काना ऐकू येत नाही, मला फक्त कॉलेजचा संकेतांक कळतो.

नियम माझ्यात लिहिलेला होता बरं का. उगाच मला नावं ठेवू नका. नियम क्रमांक चौदा, पोटनियम ग: पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ती जागा आपोआप पक्की होते आणि उमेदवाराला पुढच्या फेऱ्यांमध्ये भाग घेता येत नाही. इंग्रजीत होता, राखाडी रंगात होता, आणि मोहरीएवढ्या अक्षरांत होता, पण होता. त्याखाली चौकट होती, 'मी सर्व नियम वाचले असून मला ते समजले आहेत'. हर्षाबाईनं तिथं बरोबरची खूण केली, जशी ती रोज ऐंशी वेळा करते. ती खूण केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, म्हणून या राज्यातली समस्त जनता सगळे नियम वाचलेली आहे. एवढी वाचणारी जनता दुसऱ्या कुठल्या राज्यात सापडायची नाही.

पहिल्या फेरीचा निकाल जुलैत लागला. खांबाला 'टिंग' झालं. मोनालीनं फोन सोडून वाचलं: 'अभिनंदन! आपणास पसंती क्रमांक एकचे महाविद्यालय प्राप्त झाले आहे. आपली जागा गोठविण्यात आली आहे.'

बुधरीनं विचारलं, "गोठली म्हंजे?"

मोनालीला सांगता येईना. जंगलातल्या त्या गावात कधी काही गोठलेलं नव्हतं. बापलेक मिळेल ती बस पकडून आरमोरीला आले. हर्षाबाई त्यांना बघून हसली. "झालं ना बाई मनासारखं? पह्यलंच भेटलं!"

"बाई, नागपूर कुठी गेलं?" मोनाली म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. मान, पान, पहिला घास, मेमधलं जेवण. हर्षाबाईनं पंखा बंद केला. ती उठली, खुर्चीवर बसली, पुन्हा उठली. "मानाचं म्हनत होते तुम्ही?" ती लालसूभाऊला म्हणाली. "माय वो! मले मनाचं ऐकू आलं. मी काऊन नाई पुन्हा विचारलं?" आणि तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. नंतर तिनं यादी उघडली. मोनालीच्या मागे असलेल्या दोन पोरींना नागपूर मिळालं होतं. ती यादी तिनं पटकन बंद केली, पण मोनालीनं बघितली होती.

लालसूभाऊ भिंतीला टेकून खाली बसला. "म्या केलो," एवढंच म्हणाला. "म्याच केलो."

मला तेव्हा पहिल्यांदा कसंसं झालं. मी काही चुकीचं केलं नव्हतं, हे लक्षात घ्या. मी नियमाप्रमाणेच वागलो. पण नियमाप्रमाणे वागूनही तोंड लपवावंसं वाटतं, हे कुणी सांगितलं नव्हतं मला.

दुसऱ्या दिवशी तक्रार निवारणाची खिडकी उघडली. दोन दिवस उघडी असते, वारा यायला. तक्रारीचा प्रकार निवडा: नावात चूक, गुणांत चूक, प्रवर्गात चूक, छायाचित्र अस्पष्ट, इतर. हर्षाबाईनं 'इतर' निवडलं. दोनशे अक्षरांची मर्यादा होती. मोनालीनं कागदावर चार वेळा लिहून खोडलं आणि शेवटी हे टाकलं: 'पहिले नाव मानाचे होते. मनाचे नागपूर होते. आमच्याकडे पहिला घास मानाचा ठेवतात. कृपया दुसरे नाव पहिले समजावे.' उत्तर यायला पंधरा दिवस लागतात असं पुस्तिकेत आहे. आमचं चार मिनिटांत आलं. 'तपासणीअंती पसंतीक्रम उमेदवाराने स्वतः नोंदविल्याचे आढळले. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' चार मिनिटांत तपासणी, तीही अंतापर्यंत. एवढं तत्पर काम बघून माझीसुद्धा छाती दडपली.

आता दोनच वाटा होत्या. एक, पाच दिवसांच्या आत गुणवंतरावांच्या कॉलेजात जाऊन नाव नोंदवायचं. दुसरी, जागा सोडायची. जागा सोडली की मी रद्द होतो, आणि मोनाली दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला मुकते. मग एकदम शेवटी, रिकाम्या राहिलेल्या जागांच्या फेरीत नवा अर्ज करायचा. मिळालं तर मिळालं, नाही तर वर्षभर घरी. हर्षाबाईनं दोन्ही वाटा नीट समजावून सांगितल्या, पंखा बंद ठेवून, एकेक शब्द दोनदा.

"पह्यले कॉलेज पाहून तं घेऊ," मोनाली म्हणाली.

हर्षाबाईनं माझी प्रत काढून प्लास्टिकच्या फायलीत घातली, आणि मी बापलेकींबरोबर कॉलेज बघायला गेलो. इमारत छान होती, रंग ताजा होता, फाटकावर अक्षरं मोठी होती. आत एका खोलीत दोन खाटा होत्या. एका खाटेवर प्लास्टिकचा पेशंट पांघरूण घेऊन झोपला होता, दुसरी रिकामी. गुणवंतरावांनी स्वतः पाणी आणून दिलं.

मोनालीनं विचारलं, "सर, दवाखाना कुठी आहे?"

"होऊन राह्यला."

"आन् हॉस्टेल?"

"तेबी होऊन राह्यलं. तोवर येणं-जाणं करायचं. किती पोरी करतात."

किती पोरी करतात ते लालसूभाऊला माहीत होतं. त्याच्याच भागातल्या तिघी दुसऱ्या एका कॉलेजात असं येणं-जाणं करत होत्या. पावसाळ्यात नाला भरला, बस बंद झाली, हजेरी गेली, आणि दिवाळीनंतर तिघी घरीच होत्या. मोनालीनं प्लास्टिकच्या पेशंटकडे बघितलं. याला कुठल्याच भाषेत काही विचारायची गरज नव्हती.

गुणवंतराव लालसूभाऊजवळ खुर्ची सरकवून बसले. "भाऊ, विचार करा. पहिलं नाव तुम्हीच टाकलं, मी काही तुमचा हात धरला नव्हता. आता हातची जागा सोडाल तर शेवटच्या फेरीत उरलंसुरलंच हाती येईल. तेही आलं तर. पोरगी वर्षभर घरी बसली तर मग शिकत नसते, तुम्हाला माहीत आहे." यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. खोटं न बोलता माणूस किती बोलू शकतो, ते त्या दिवशी बघितलं.

मोनालीला बोलायचं नव्हतं असं नाही. पण बाप आधीच खचलेला होता, आणि तिनं 'नको' म्हटलं असतं तर त्याला आणखी एक चूक केल्यासारखं झालं असतं. ती फाईल छातीशी धरून उभी राहिली. मी तिथंच होतो, तिचा श्वास कसा चालला होता ते मला कळत होतं.

मग लालसूभाऊ उठला. दोन्ही हात जोडले. आवाज अजिबात चढवला नाही.

"जोहार साहेब," तो म्हणाला. "तुमाले मान देल्ला होता जी. पोरगी नाई देल्ली."

आणि तो बाहेर पडला. मोनाली त्याच्या मागं गेली, चपला हातातच घेऊन. गुणवंतराव काय म्हणाले ते ऐकायला आम्ही थांबलो नाही.

हर्षाबाईच्या केंद्रात पोचायला दुपारचे साडेतीन झाले. पाच दिवसांची मुदत त्याच दिवशी पाच वाजता संपत होती. 'अर्ज रद्द करा' हे बटण शोधायलाच अर्धा तास गेला. माझी भरण्याची कळ हिरवी, ठळक, पानाच्या मधोमध आहे. मला मारण्याची कळ सातव्या पानाच्या तळाशी, करड्या रंगात. मला बनवणाऱ्यांना माझी एवढी काळजी होती हे बघून ऊर भरून आला. मग कारण विचारलं: 'अन्य अभ्यासक्रमास प्रवेश', 'उमेदवाराचे निधन', 'वैयक्तिक कारण'. हर्षाबाई म्हणाली, यातलं एकही खरं नाई. पण एक टाकल्याशिवाय पान सरकेना, म्हणून तिनं वैयक्तिक टाकलं.

आणि यंत्रानं ओटीपी पाठवला.

लालसूभाऊला अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात. हर्षाबाईनं फोन घ्यायला हात पुढं केला. "थांबा जी," तो म्हणाला, "मी सांगतो." त्यानं फोन डोळ्यांजवळ धरला. त्यानं आकडे सांगितले की मी संपणार होतो, आणि त्याच्या पोरीच्या हातात असलेली एकमेव जागा जाणार होती. नसते सांगितले तर दहा मिनिटांनी सगळं जसंच्या तसं राहिलं असतं आणि त्याला कुणी दोष दिला नसता. चार, म्हणाला. मग शून्य. तिसऱ्या आकड्याशी तो थांबला. मोनालीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण फोन घेतला नाही.

सांग बाबा, सांग, असं मी ओरडत होतो. होय, मीच. आयुष्यभर 'कृपया प्रतीक्षा करा' याशिवाय दुसरं काही न बोललेला मी. मला मारून टाक आणि तिला सोडव. उरलेले चारही आकडे त्यानं नीट सांगितले.

'आपला अर्ज यशस्वीरीत्या रद्द करण्यात आला आहे.' माझ्या उभ्या आयुष्यात मी यशस्वी झालो तो एवढ्याच कामात.

रद्द झालेला अर्ज कुठं जात नाही, हे तुम्हाला माहीत नसेल. तो त्याच खात्यात करड्या रंगात पडून राहतो. त्यामुळं पुढचं मला दिसलं. ऑगस्टमध्ये शेवटची फेरी लागली. नवा अर्ज माझ्याच शेजारी जन्मला. माझ्यातलाच फोटो, माझ्यातलीच गुणपत्रिका त्यानं उचलली, आणि ओळख दाखवली नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. हर्षाबाईनं आधी पंखा बंद केला, मग विचारलं, "पह्यलं कोन्तं?" लालसूभाऊनं तोंडावर हात ठेवला आणि पोरीकडे बोट केलं.

"नागपूर," मोनाली म्हणाली. "मंग चंद्रपूर. बस."

नागपूर भरलं होतं. ते तिला मिळालं नाही, आणि ते तिला मिळायला पाहिजे होतं, हे मी इथं नोंदवून ठेवतो, कारण दुसरीकडं कुठं नोंदलेलं नाही. चंद्रपूरच्या सरकारी कॉलेजात कुणीतरी सोडलेली एक जागा होती. हॉस्टेल आहे, दवाखाना खरा आहे, पेशंट जिवंत आहेत. ती मिळाली. निकाल बघायला तिघं केंद्रातच बसले होते. हर्षाबाईनं टेबलावर एवढ्या जोरात हात मारला की शेजारच्या कॉम्प्युटरवरचा माणूस दचकला. मोनाली रडली. लालसूभाऊ दोन-दोनदा विचारत राहिला की आता कोणी घेऊन जाणार नाही ना, आणि हर्षाबाई दर वेळी नाई म्हणत राहिली.

तेवढ्यात त्याच्या कमरेचा फोन वाजला. यंत्राचा निरोप होता, माझ्याबद्दल. नव्या अर्जाबद्दल नाही, माझ्या क्रमांकाबद्दल. 'आमच्या सेवेबाबत आपला अनुभव कसा होता? एक ते पाच तारे द्या.'

हर्षाबाईनं वाचलं आणि तिचं डोकं सणकलं. "लाज नाई वाटत याहीले! एक तारा बी नाई द्याचा."

"काय म्हनते तो?" लालसूभाऊनं विचारलं.

"तुमचा तो जुना अर्ज. त्याले मार्क द्या म्हनते. पाचापैकी."

"तो तं मेला ना?"

"मेला. तुम्हीच नाई का मारला?"

"मंग पाच देऊन टाका," लालसूभाऊ म्हणाला. "मेलेल्याले नाव नाई ठेवत आमच्याकडं."

हर्षाबाईनं पाच दाबले.

तर माझी आजची स्थिती अशी: रद्द, पाच तारे. ते तारे वरती पोचले. वरती त्यांची बेरीज झाली, आणि यंदाच्या अहवालात दुर्गम भागातला एक पूर्ण समाधानी पालक वाढला. अहवालाच्या पाठीवर त्या आकड्याचा रंगीत तक्ता छापणार आहेत म्हणे. मी ते तारे परत करायला निघालो होतो. परत करायची चौकट कुठंच नाही, मी माझी सगळीच्या सगळी चौदा पानं शोधली.

म्हणून ही माझी विनंती, सविनय. तो अहवाल कधी तुमच्या हाती आला, तर त्या तक्त्याखाली पेननं एक ओळ लिहा, की आरमोरीकडून आलेले पाच तारे सेवेला दिलेले नाहीत. ते मयताला दिलेले आहेत.